आमच्या ले-आउटमधली ओपन स्पेस

मंडळी, वाशीमच्या या प्लॉट पाडून वसवलेल्या ले-आउटमध्ये नऊ वर्षं राहते. घरांच्या मधोमध नुसती पडीक जागा आहे असं वाटायचं; आमच्याकडून तिकडे दारच नाही. ती सगळ्यांसाठी सोडलेली ओपन स्पेस आहे, हे आज कळलं.

शेजारच्या काकूंनी त्यांच्या मागच्या दारातून मला तिथे नेलं. चार कडुनिंब, एक सीताफळ आणि चहूकडून घरांच्या भिंती.

"झाडं मीच लावली व माय. लोकं भिंती पुढं सरकवून राह्यले."

एक भिंत थेट कडुनिंबाला टेकलेली. "हे कोनाची?" मी विचारलं.

काकूंनी बोट वर केलं. वर आमच्याच वाढवलेल्या स्वयंपाकघराचा एक्झॉस्ट फॅन फिरत होता.

घरी येऊन यांना म्हटलं, "भिंत मांगं घेऊ ना."

"समद्यायनंच जागा घेतली. आपुन एकट्यानं सोडून काय होते?"

मी पोळ्या लाटायला घेतल्या. तुम्ही काय म्हणाला असता?