उघड्या इंजिनावरच्या अक्षता

आज दसऱ्याला गाडीला झेंडूचा हार बांधताना हाताला झेंडूचा वास लागला, आणि त्यामागोमाग रॉकेलचा वास आठवला.

बऱ्याच वर्षांपूर्वी एका दसऱ्याला आंजी गावातल्या घरी, अंगणातच, मी आमच्या जुन्या जीपचं इंजिन खोललं होतं. पिस्टन, वॉल्व्ह सगळं रॉकेलमध्ये धुऊन पोत्यावर मांडलेलं. हात धुऊन परत आलो, तर उघड्या सिलिंडरांवर हळदकुंकू, झेंडूच्या पाकळ्या आणि मूठभर अक्षता! शेजारी ताट घेऊन आई हसत उभी.

"बिचाऱ्याचं पोट उघडं दिसलं, म्हणून पयले त्याचीच पूजा केली."

"अक्कल हाय का तुले? सारं खराब करून ठेवलं!" मी शेजाऱ्यांदेखत ओरडलो.

ती बांगडीतली सेफ्टीपिन काढून दुपारभर तेलाच्या भोकांतला एकेक तांदूळ टिपत बसली. आपली चूक निस्तरते आहे, एवढंच मला तेव्हा वाटलं. राहू दे, असंही म्हणालो नाही.

जीप केव्हाच विकली. आज हार बांधून झाल्यावर मी हाक मारली, "आई, ये, कुंकू लाव."

ताट घेऊन ती आली, पण गाडीपासून जरा दूरच थांबली.

"बोनट बंद हाय ना रे?"