वहीतून वगळलेली नलिनी

सरोजबाई साळवे वसाहतीत मोठ्या भाविक म्हणून ओळखल्या जात, आणि तशा त्या होत्याही. फक्त धाकट्या जावेला, नलिनीला, त्या पाण्यात पाहत.

दोघींचे नवरे भोपाळच्या एकाच सरकारी कारखान्यात, क्वार्टर समोरासमोर. धाकट्या भावाला आधी बढती मिळाली, ती बाईंनी कशीबशी गिळली. पण दुसऱ्याच वर्षी नलिनीला दिवस गेले, आणि बाईंची कूस चौदा वर्षं रिकामी. पोटात दुखायला आणखी काय हवं?

दर बुधवारी दुपारी मराठी ख्रिस्ती बायकांची प्रार्थना असे. ज्यांच्यासाठी मागायचं त्यांच्या नावांची वही सरोजबाईंकडे. त्यांनी एकेक नाव वाचायचं, बाकीच्यांनी ‘आमेन’ म्हणायचं. नलिनीला सातवा लागला आणि तिचं येणं बंद झालं. ती नसलेल्या पहिल्याच बुधवारी बाईंनी तिचं नाव गाळलं. संध्याकाळी नलिनी मोरीत घसरून पडली.

योगायोग, बाईंनी मनाला बजावलं. पुढच्या बुधवारी तिच्या नावाला जीभच वळली नाही, आणि गुरुवारी नलिनीला ताप भरला. तिसऱ्या बुधवारी नाव डोळ्यांसमोर असताना त्यांनी पान उलटलं.

घरी येऊन त्या खिडकीशी बसल्या. समोरून कोण धावत येतंय, त्याची वाट बघत. चुलीवरची भाजी करपली तरी उठल्या नाहीत. अंधारून आलं तेव्हा त्यांनी दिवा लावला, आणि बाहेरून एक बाई आपल्याकडे टक लावून बघतेय असं त्यांना दिसलं. डोळे भुकेले, ओठ किंचित उघडे. सरोजबाई दचकून मागे सरल्या, तशी तीही सरली. खिडकीच्या काचेत त्यांचाच चेहरा होता. आपण एका पोराच्या मरणाची वाट बघतोय, हे त्यांना तेव्हा कळलं.

त्या अनवाणीच समोर धावल्या. नलिनी पलंगावर भिंतीला टेकून बसली होती.

“ताई, सकाळपासून बाळ हललं नाही. हे जीप आणायला गेलेत.”

“तीन बुधवार मी तुझं नाव गाळलं,” बाई म्हणाल्या. “मुद्दाम.”

नलिनी ताठ झाली.

“म्हणून हे झालं म्हणता? देवापेक्षा मोठ्या झालात होय तुम्ही?” तिनं पलंगावर जागा केली. “बसा इथं. मागू नका काही, मागून मागून थकले मी. आभार माना.”

“कशाचे?”

नलिनीनं त्यांचा हात ओढून पोटावर ठेवला.

हाताखाली सगळं गप्प होतं. बाईंनी डोळे मिटले. “प्रभू, हे बाळ तू नलिनीला दिलंस... मला नाही, तिला दिलंस. तुझे उपकार.”

म्हटलं मात्र, आणि बाईंना धडकी भरली. मघापर्यंत ते पोर जगो की मरो, त्यांचं काही जाणार नव्हतं. आता जाणार होतं.

जीपमध्येही त्यांनी हात काढला नाही. दवाखान्याच्या वाटेवर गोविंदपुरा मागे पडला आणि तळहाताला आतून एक बारीक लाथ बसली. बाई अशा किंचाळल्या की ड्रायव्हरनं करकचून ब्रेक दाबला.

“क्या हुआ, अम्मा?”

“कुछ नहीं, भैया,” बाई रडत म्हणाल्या. “हमारा बच्चा जिंदा है. चलो.”