वासंतीमावशीच्या दारातल्या चपला

"अपेक्षा लिहिणारा हात वेगळा आणि फोटो उचलणारा हात वेगळा," असं वासंतीमावशी एकदा म्हणाली होती. मानसशास्त्रात एम.ए. करणाऱ्या सुरुचीनं मावशीच्या वधूवर सूचक केंद्रात काम करायचं ठरवलं, ते या एका वाक्यावर.

केंद्र म्हणजे कसबा पेठेतली एक खोली. खाली तांब्याच्या भांड्यांचं दुकान, वर मावशी. "खालीही ठोकूनठाकूनच आकार येतो आणि वरही," ती म्हणायची. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. तेव्हापासून ती दुसऱ्यांचे संसार मांडत होती आणि संध्याकाळी स्वतःपुरता एकच कप विसळत होती.

आलेल्या माणसांचं बोलणं ती फारसं मनावर घ्यायची नाही. ती बघायची दारातल्या चपला. माणूस आत येतो तेव्हा चपलांची टोकं आपोआप आत असतात. पण काही जण चपला काढतात आणि पायानंच वळवून टोकं जिन्याकडे करून ठेवतात. "त्यांना लग्न नको असतं," मावशी सांगायची. "पायांनी निघायची तयारी आधीच केलेली असते. तोंडाला मागाहून कळतं." टोकं आत असली की पाहुण्याच्या चहात आलं पडायचं. बाहेर असली की नुसता चहा.

सुरुचीला यात सगळा अभ्यासक्रम दिसायचा. एकदा ती म्हणाली, "मावशी, लाखो वर्षांपूर्वी माणसं टोळीत राहायची ना, तेव्हा मनातला डाव चेहऱ्यावर दिसला की संपलंच. म्हणून मनानं युक्ती केली. डाव ज्याचा, त्यालाच तो सांगायचा नाही. मग चेहरा खोटं बोलतच नाही. जे स्वतःला फसवू शकले ते टिकले. आपण त्यांचीच नातवंडं."

"म्हणजे माझे पूर्वज लबाड होते म्हणतेस?"

"लबाड नाही गं. स्वतःच फसलेले."

"मग तुझ्या वडिलांकडचे असतील," मावशी म्हणाली आणि गॅस बारीक केला.

दर गुरुवारी पेंडसे सर यायचे. गोपाळकृष्ण पेंडसे, निवृत्त ड्रॉइंग मास्तर. पत्नी गेलेली, मुलगा परदेशी. उतारवयात सोबत हवी म्हणून त्यांनी नाव नोंदवलं होतं. त्यांच्या चपला नुसत्या आत वळलेल्या नसायच्या, तर थेट आतल्या भिंतीला जाऊन टेकायच्या. "माणूस लग्नाला किती उत्सुक आहे बघ," मावशी म्हणायची आणि खिसणीवर आलं जरा जास्तच खिसायची.

इतका उत्सुक माणूस, पण मावशीला त्याच्यासाठी स्थळ काही मिळेना. दीपमालाबाई फार बोलतात. चंद्रभागाबाई अगदीच बोलत नाहीत. एक बाई धायरीच्या. "धायरी म्हणजे जरा आडबाजूलाच नाही का?" मावशी म्हणाली. याच मावशीनं मागच्या महिन्यात कसब्यातली मुलगी धारवाडला दिली होती. प्रत्येक कारण कसं घासूनपुसून लख्ख केलेलं असायचं. सर मान डोलवायचे. "तुम्ही म्हणता तर नकोच," म्हणायचे, चहा संपवायचे आणि पुढच्या गुरुवारी पुन्हा यायचे.

शेवटी स्थळ सुरुचीनंच आणलं. प्रामाणिकपणे आणलं, असं तिला तरी तेव्हा वाटत होतं. सत्यशीलाबाई मूळच्या नांदेडच्या. मुलगा अभिनव आयटीत, म्हणून वारज्याला राहायला आलेल्या. प्रकृती ठणठणीत, स्वभाव मोकळा, स्वतःची पेन्शन. मावशीनं पत्रिका बघितली, फोटो उलटसुलट केला. खोट निघेना.

"हसतात फार," ती म्हणाली.

"फोटोत?"

"दिसतं फोटोत."

पण रविवारी वारज्याला, सत्यशीलाबाईंच्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरी भेट ठरली. त्या दिवसापासून मावशीच्या चहाला चव नव्हती. वारज्याहून होकार आला की पेंडसे सरांचे गुरुवार संपणार, एवढा साधा हिशोब होता. तिच्याखेरीज तो सगळ्यांना कळत होता. खालच्या दुकानातले बापूरावसुद्धा विचारून गेले, "बाई, बरं नाही का?"

पहिल्या भेटीला मावशी जातीनं जायची. ओळख करून द्यायची, दोन शब्द बोलायची आणि उठायची. बाकीचं त्या दोघांचं. हा तिचा नियम, आणि तो तिनं कधी मोडला नव्हता.

त्या रविवारी सुरुचीही बरोबर होती, आणि मावशी उठेचना. सत्यशीलाबाईंनी चहा आणला, चिवडा आणला. मावशीनं सरांचा कप मध्येच अडवला.

"साखर अर्धाच चमचा हं त्यांना. आणि शेंगदाणे बाजूला काढा, दाढेत अडकतात."

"वासंतीबाईंच्या सगळं लक्षात असतं," सर कौतुकानं म्हणाले.

"माणूस चांगलाच आहे," मावशी पुढे सरसावली. "पण घोरत असतील हं. आधी सांगितलेलं बरं."

सत्यशीलाबाईंनी बशी खाली ठेवली. "तुम्हाला कसं ठाऊक?"

"चेहऱ्यावरून कळतं."

सत्यशीलाबाई हसल्या. फोटोत दिसत होतं त्याहून मोठ्यानं. हसता हसता त्यांनी डोळे पुसले.

"बाई, तुम्ही मला नवरा दाखवायलाव का स्वतःचा मिरवायलाव?"

पेंडसे सर बशीत बघत होते. त्यांचे कान लाल झाले होते, आणि ओठांच्या कडेला हसू होतं. सुरुचीला जाणवलं, आपण हे स्थळ कशासाठी आणलं ते आपल्यालाही आत्ताच कळतंय. कसब्यात शब्दाला कधी हार न गेलेल्या मावशीनं चिवड्याची बशी दूर सारली.

"रागावू नका," सत्यशीलाबाई म्हणाल्या. "मला काही घाई नाही. हे खूळ आमच्या अभिनवचं आहे. चिवडा तरी घ्या."

मावशी उठली. सवयीनं तिची नजर दाराकडे गेली, आणि तिथंच थांबली. सुरुचीनंही पाहिलं. उंबऱ्याबाहेर पेंडसे सरांच्या चपला नीट जोडून ठेवलेल्या होत्या. टोकं जिन्याकडे.

शेजारी मावशीच्या चपला. त्यांचीही टोकं जिन्याकडेच होती. तिनं त्या कधी वळवल्या होत्या, देव जाणे.

मावशीनं बराच वेळ त्या चार चपलांकडे पाहिलं. सुरुचीला वाटलं, आता ती नेहमीसारखं काहीतरी तिरकस बोलेल. पण तिनं पदर सावरला, स्वतःच्या चपला पायात सरकवल्या आणि जिना उतरू लागली. इतक्या सावकाश, की मागून चपला घालून येणाऱ्याला तिला सहज गाठता यावं.