बिनदाराची खोली
भाकरी करपल्याचा वास आला की मला इंदापुरातली आमची भाड्याची खोली आठवते. घरमालकानं सकाळी फर्मावलं, “सांजच्याला खोली मोकळी पायजे.” वडील म्हणाले, “आबा, महिन्याची मुदत तरी द्या, कायदाच हाय तसा.” दुपारी तो पहार घेऊन आला आणि दारच उचकटायला लागला. वडिलांनी चौकट धरली, तर त्यानं पहार त्यांच्या बोटांवर घातली. उंबरा रक्तानं भिजला. आईनं तव्यावरची भाकरी तशीच सोडली आणि तापलेलं उलथणं त्याच्या गालाला चिकटवलं. तो बोंबलत पळाला, पण दार तोवर निखळून पडलं होतं. पुढचा महिनाभर आम्ही त्या बिनदाराच्या खोलीत हट्टानं राहिलो. आई उंबऱ्यातच भाकरी थापायची. आता बारामतीत माझ्याही दोन खोल्या भाड्यानं दिल्यात. भाडेकरूकडं गेलो की मी उंबऱ्याबाहेरच थांबतो.