लेन्स निवडायला गेलो होतो

राजारामपुरीतल्या डोळ्यांच्या दवाखान्यात डॉक्टर मॅडमनी माझ्यासमोर एक कागद ठेवला. त्यावर दोन गोल छापले होते आणि दोन्हींच्या वरच्या बाजूला काळे डाग होते.

"कॅप्टन, लेन्सचं नंतर बघू. हा ग्लॉकोमा आहे, म्हणजे काचबिंदू. जिथं डाग आहे तिथलं तुम्हाला नीट दिसत नाही."

मला तर सगळं दिसत होतं. निदान वाटत तरी होतं.

मी अठ्ठावन्न वर्षांचा, हातकणंगल्याच्या शेतकरी घरातला. एकतीस वर्षं विमान चालवलं. आठवड्याची रजा काढून आक्काकडे, थोरल्या बहिणीकडे, आलो होतो, ते डोळ्यांचं एकदाचं काय ते ठरवायला.

प्रेसबायोपिया, म्हणजे वयाप्रमाणे जवळचं धूसर दिसणं, मला बरीच वर्षं होता. कॉकपिटमध्ये काही बटणं डोक्यावर असतात. चष्म्याचा वाचायचा भाग खाली, त्यामुळे ती बघायला मान पार मागे टाकावी लागायची. त्यात मोतीबिंदू सुरू झाला.

पहिल्या दिवशी मॅडमनी सगळे पर्याय समजावले होते. एका डोळ्याला लांबचं, दुसऱ्याला जवळचं अशा कॉन्टॅक्ट लेन्स माझ्या कामाला नकोत, अंतराचा अंदाज चुकतो. मल्टिफोकल, म्हणजे जवळचं-लांबचं दोन्ही दाखवणारी लेन्स आत बसवली तर दिव्यांभोवती वलयं दिसू शकतात. साधी लेन्स आणि वर चष्मा, हेच बरं. मी खूश होऊन हो म्हणालो.

ऑपरेशनआधी फक्त एक फील्ड टेस्ट, म्हणजे नजरेचा घेर तपासायची चाचणी, राहिली होती. मशिनच्या पांढऱ्या वाटीत टक लावून बघायचं आणि कडेला ठिपका चमकला की बटण दाबायचं. मध्येच ठिपके थांबले. मला वाटलं, मशिन बंद पडलं.

"सर, दाबा की!" तपासणारी मुलगी म्हणाली. मशिन चालूच होतं.

ही टेस्ट करून घ्या, असं मला दोन वर्षांपूर्वी एका डॉक्टरांनी सांगितलं होतं. डोळ्याचा दाब नॉर्मल होता, अक्षरं वाचता येत होती, म्हणून मी टाळलं. खरं कारण भीती. तेव्हा केली असती तर कदाचित एवढं गेलं नसतं. दाब न वाढताही डोळ्याची नस सुकू शकते, हे मला आता कळलं.

दोन दिवसांनी टेस्ट पुन्हा केली, नसेचा स्कॅन काढला. बाकावर बसून मी डाग पुसट होण्याची वाट बघत होतो. निकाल तोच आला. "गेलेलं परत येणार नाही," मॅडम म्हणाल्या, "राहिलेलं थेंबांनी राखायचं."

त्यानंतर दोनच दिवसांनी माझी फ्लाइट होती. या रिपोर्टबद्दल कंपनीत कुणाला काही माहीत नव्हतं. आक्काला म्हणालो, पुढच्या मेडिकल तपासणीपर्यंत विमान चालवतो, तसा त्रास काहीच नाही.

तिनं हातातलं काम थांबवलं. "माणसं किती असत्यात रं तुझ्या इमानात?"

"एकशे ऐंशी."

"आणि त्यास्नी तू सांगणार न्हाईस व्हय?"

मी अंगणात जाऊन कंपनीला फोन केला. रिपोर्टमध्ये काय आलंय ते सगळं सांगितलं. आक्का दारात उभी होती, पण जवळ आली नाही. पुढच्या महिन्यात मेडिकल बोर्डानं अनफिट ठरवलं.

आता दोन वेळा थेंब घालतो. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, साधीच लेन्स घातली. पेपर वाचतो, चालायला जातो. वाचणाऱ्यांत कुणी पायलट असेल, ड्रायव्हर असेल, तर चाळिशीनंतर नुसता नंबर काढून परत येऊ नका. डॉक्टरांना डोळ्याची नसही तपासायला सांगा. आक्काचे आणि मॅडमचे उपकार मी विसरणार नाही. पण दुःख झालं नाही असं म्हणालो तर ते खोटं होईल.

मध्यंतरी माझ्या को-पायलटचा फोन आला. "सर, तुमचं शेवटचं लँडिंग माझ्यासोबत झालं. काय सुंदर होतं!"

मी खूप आठवून बघितलं. दुपार होती एवढंच आठवलं. शेवटचं आहे हे माहीत नव्हतं, म्हणून मी नीट बघितलंच नव्हतं.