बारशाचं कडवं

त्या जर्मन बाईनं अनघाताईंचे दोन्ही हात आपल्या हातात घेतले. त्यांनी नुकतीच वाचलेली कविता ऐकून डोळे भरून आले होते तिचे. म्हणाली, "तुमची आई किती मोठी बाई असेल!"

आई माझी होती. कविताही माझी. मी शेजारीच उभी होते, केकच्या ताटल्या घेऊन.

अनघाताईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मग त्या बाईकडे वळून गोड हसल्या. "जा, गेनाऊ," म्हणाल्या. म्हणजे जर्मनमध्ये, हो, अगदी बरोबर.

मला काहीच वाटलं नाही. खरंच सांगते. रडू नाही, राग नाही. ताटल्या तेवढ्या सरळ धरून ठेवल्या.

ब्राउनश्वाइगमधल्या आमच्या मराठी मंडळाचा तो कार्यक्रम. भारतीय बायकांच्या इंग्रजी कविता. रविवारची दुपार, भाड्यानं घेतलेला हॉल, कॉफी आणि केक. जर्मन शेजारी आणि ऑफिसातली माणसंही आली होती. मंडळाचं सगळं अनघाताई बघतात. पुण्याच्या, कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्या. मी मराठवाड्यातल्या एका खेड्यातली, बौद्ध. इथल्या एका इन्स्टिट्यूटमध्ये संशोधन करते. माझी कविता त्यांनी आपणहून मागितली, तेव्हा मला केवढं अप्रूप वाटलं होतं.

कविता आईच्या हातांवर होती. आई गावची सुईण. कुणाच्या घरी बाई अडली की तिला बोलावणं यायचं. तेव्हा कुणाला विटाळ होत नसे. नाळ ती कापायची. वार ती पुरायची. पोराला पहिला हात तिचा लागायचा. आणि बाराव्या दिवशी, बारशाला, तिला अंगणात बसवायचे, गोठ्याच्या कडेला. आत पाळणा हलायचा, बायका गाणी म्हणायच्या. घुगऱ्या वरून पदरात टाकायच्या, हात लागू नये म्हणून. ज्या पोराला तिनं ओढून जगात आणलं, त्याला आता तिचा हात चालत नसे. मी तिच्या शेजारी बसून त्या घुगऱ्या खाल्ल्या आहेत. चांगल्या लागायच्या.

हे मी मराठीत लिहू शकले नाही. ज्या भाषेत आईला 'बाहेरच थांब' म्हणाले, तिच्यात हात वळेना. इंग्रजीत मला कुणी तसं म्हटलं नव्हतं. म्हणून इंग्रजी.

कार्यक्रमाच्या आदल्या आठवड्यात अनघाताईंचा फोन आला.

"अगं, ते बारशाचं कडवं काढू या. जर्मन लोकांना कास्ट कळत नाही. मग तेच विचारत बसतात, आपलीच बदनामी. आणि आपला विषय स्त्री आहे ना? बाईचं दुःख काय, सगळ्यांचं सारखंच."

मी म्हणाले, "बरं."

"आणि वाचते मीच. तुझे उच्चार जरा गावाकडचे आहेत गं, राग मानू नकोस. तू केकचं बघ."

मी पुन्हा म्हणाले, "बरं." हे 'बरं' आईचंच. अंगणात बस म्हटलं की तीही हेच म्हणायची.

तर ती जर्मन बाई कॉफी घ्यायला गेली, तेव्हा मी अनघाताईंना म्हणाले, "ताई, ती आई माझी होती."

"अगं, आता तिला कुठे समजावत बसू? कौतुकच करत होती ना? कविता पोचली, ते महत्त्वाचं. आणि ह्या कवितांची पुस्तिका काढतोय ना, तीत तुझंच नाव घालणार आहोत. अशीच छापू, आटोपशीर."

अशीच. म्हणजे त्या कडव्याशिवाय. छापून, कायमची. वाचणाऱ्याला वाटणार, गावानं हिला डोक्यावर घेतलं असेल. गावानं आईला निदान अंगणात तरी बसू दिलं होतं. मी तिला तिथूनही उठवलं, तेही फोनवर, दोन वेळा 'बरं' म्हणून.

तेव्हा कुठे राग आला. गरम नव्हता. थंड, जड.

मी ताटल्या टेबलावर ठेवल्या आणि माइकपाशी गेले. इंग्रजीत म्हणाले, "मघाची कविता माझी आहे. ती सुईण माझी आई. एक कडवं वाचायचं राहिलंय."

वाचायला लागले. अनघाताई मागून हळूच म्हणाल्या, "अगं, इथे नको ना." त्यांच्या यजमानांनी माइक बंद केला. मी आवाज चढवला. उच्चार गावाकडचेच होते. शेवटपर्यंत वाचलं.

टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. ती जर्मन बाई मात्र उभी राहिली. तिनं विचारलं, "पण तिला आत का घेत नव्हते?"

हाच तो प्रश्न. ह्यालाच सगळे भीत होते. मी जर्मनमध्ये उत्तर दिलं. जात सांगितली, आईची आणि माझी. आत घुगऱ्या खाणाऱ्यांचीही सांगितली. एकेक शब्द नीट उच्चारून.

अनघाताई माझ्याजवळ आल्या. चेहरा लाल झाला होता. "सगळ्याचा विचका केलास. आता पुस्तिकेत कसं घेऊ तुला?"

"घेऊ नका," मी म्हणाले. "कविता मी परत घेतेय."

"अगं, एका कडव्यासाठी?"

"हो. त्याच्यासाठीच."

मंडळाचं बोलावणं आता येत नाही. ऑफिसातल्या एक-दोघी मराठी मुली समोरून आल्या की फोनमध्ये बघतात. बघू देत. आई आता नाही, तिला हे कधी कळणार नाही. मला वाईट वाटतं, पण लिहिताना हात थांबत नाही. मी इंग्रजीतच लिहिते. माझं बाईपण एकीकडे आणि जात दुसरीकडे अशी वाटणी करून मी कुणाला काही देणार नाही. पुरी कविता, माझ्याच तोंडून. नाहीतर एक ओळही नाही.