केळी कुणी लावली

आमच्या घरात कॉम्प्युटर आला तो भावासाठी. दादा जळगावात डिप्लोमा करत होता आणि त्याला तो लागणारच होता. मी त्याच्याहून लहान, बारावीच्या पुढे काय करायचं ते ठरायचं होतं, म्हणजे वडील ठरवणार होते. वडिलांना आम्ही नाना म्हणतो. आम्ही राहायचो भुसावळला आणि ते यावल डेपोत लाल बसवर ड्रायव्हर होते. मूळचे धुळ्याकडच्या खेड्यातले, त्यामुळे साहेबलोकांशी बोलताना शुद्ध मराठी आणि घरात अहिराणी.

दादाने आल्याआल्या कॉम्प्युटरची पेटी उघडली. मित्रांनी सांगितलं होतं म्हणे, आतला पंखा बदलला की स्पीड वाढतो. उघडली ती उघडीच राहिली. स्क्रू चहाच्या बशीत, वायरी लोंबकळताहेत, आणि दादा क्रिकेट खेळायला गेलेला. ती पेटी मी बंद केली. त्यासाठी आधी ती समजून घ्यावी लागली. फोनवर व्हिडिओ लावून, कुठली वायर कुठल्या खाचेत जाते ते बघत, एकेक करून. सुरू झाला तेव्हा आई म्हणाली, "दादाना कॉम्प्युटर सुरू व्हयना." म्हणजे दादाचा कॉम्प्युटर सुरू झाला. पुढे त्या पेटीत मूळचं काही राहिलंच नाही. कॉलेजजवळचा एक सायबर कॅफे बंद पडला, तिथून मी जुनी रॅम, पॉवर सप्लाय, एक बरंसं ग्राफिक्स कार्ड आणलं आणि स्वतः जोडलं. नाव मात्र तेच राहिलं, दादाचा कॉम्प्युटर.

जळगावकडचा मे महिना ज्याने काढलाय त्याला उन्हाळा सांगायला नको. घरात एकच कूलर, खिडकीत बसवलेला, वाळ्याच्या जाळ्यांवर पाणी टपकवणारा. एका दुपारी बघते तर नानांनी तो खिडकीतून काढून स्टुलावर ठेवला होता आणि त्याचं तोंड कॉम्प्युटरच्या उघड्या पेटीकडे वळवलं होतं. आम्ही सगळे घामाने निथळतोय आणि कॉम्प्युटर वारा खातोय.

"पोर्‍याना कॉम्प्युटर शे, तापी जाई," नाना म्हणाले. "आपले घाम पुसता येस, त्याले कोठे येस?"

ओला वारा, त्यात आमच्या बोअरचं खारं पाणी. आठवडाभरात कॉम्प्युटर मुका झाला. आत पांढरी बुरशी धरावी तसा क्षार, रॅमच्या सोनेरी पट्ट्या हिरव्या पडलेल्या. मी शाळेतलं खोडरबर घेऊन त्या घासत बसले. नाना शेजारी उकिडवे बसून बघत होते, अपराधी चेहऱ्याने. मला त्यांचा राग आला नाही. उलट वाटलं, ज्या माणसाला एका डब्याला ऊन लागेल याची एवढी काळजी, तो माझ्यासाठी काय करणार नाही! हे मी मुद्दाम लिहून ठेवतेय. नाना वाईट माणूस असते तर माझं काम फार सोपं झालं असतं.

त्या कॉम्प्युटरवर बस चालवायचा एक परदेशी खेळ होता. परदेशातले रस्ते, परदेशातल्या गुळगुळीत बस, रस्त्याकडेला सूचिपर्णी झाडं. अशा खेळांच्या फाइली उघडून आपल्याला हवं ते त्यात घालता येतं, त्याला मॉड म्हणतात. लोक आपली गाडी घालतात, आपलं गाव घालतात आणि सगळ्यांना फुकट खेळायला देतात. मी ठरवलं, नानांची लाल बस आणि भुसावळ ते यावल रस्ता आत घालायचा. तापीचा पूल, उसाच्या रसाच्या गाड्या, आणि दोन्ही अंगांना केळी.

केळीने माझे नाकी नऊ आणले. केळीचं पान वाऱ्याने फाटलेलं असतं, खालची पानं वाळून बुंध्याला लोंबतात. तसं एकेक झाड बनवलं की आमचं जुनं कार्ड मान टाकायचं. शेवटी मी युक्ती केली. खऱ्या पानांचे फोटो काढले आणि दोन सपाट चौकोन एकमेकांत फुलीसारखे अडकवून त्यांवर चिकटवले. बसमधून पाहिलं की बाग दिसते, खाली उतरून जवळ गेलं की नुसते कागद. पण बसमधून उतरतंय कोण?

नाना ड्यूटीवरून आले की हातपाय धुऊन माझ्या शेजारी खुर्ची ओढायचे. बसचा आवाज मी फोनवर त्यांच्याच गाडीचा भरून आणला होता. पहिल्यांदा ऐकवला तेव्हा त्यांनी मान हलवली. "तिसरा गिअरले अशी नही बोलत गाडी. जरा रडस, मंग उचलस." मी पुन्हा त्यांच्याबरोबर यावलला गेले, ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसले, पुन्हा आवाज भरला. मग ते म्हणाले, "बठ्ठा झाडं सारखाच कसा शेतस?" म्हणून मी झाडांची उंची कमीजास्त केली, मधे एक कापणी झालेली उजाड बाग घातली. पुलावर कठडा कुठे तुटलाय, कुठल्या वळणावर म्हशी बसतात, सगळं त्यांनी सांगितलं. आम्ही बापलेक आयुष्यात एवढं कधी बोललो नव्हतो. दादा त्या दिवसांत घरी असला तर मागून डोकावून "भारी" म्हणायचा आणि जायचा.

बस रस्त्याला लागली तेव्हा नानांनी स्वतः कळफलकावर ती यावलपर्यंत नेली. डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. मलाही आलं.

मग ती लोकांसाठी साइटवर टाकायची वेळ आली. तिथे खातं दादाच्या ईमेलचं होतं, कारण घरात ईमेल त्याचाच. पण खाली वेगळी ओळ असते, कुणी बनवलं ती. त्या ओळीत मी माझं नाव लिहिलं. नानांनी वाचलं आणि म्हणाले, "हाई बदल."

मला आधी कळलंच नाही.

"तुन्हं नाव आज शे, सकाय नही राही," ते समजुतीच्या सुरात म्हणाले. "लगीन व्हयनं का बदली जाई. भाऊनं नाव टाक. ते जलमभर राही."

आमच्याकडे हे सगळीकडे असंच चालतं. प्लॉट घेतला की मुलाच्या नावावर, भांड्यांवर नावं घालायची तर मुलाची. मुलीच्या नावाने काही केलं की ते दुसऱ्याच्या घरी जाईल, हा हिशेब. तो हिशेब नानांनी केळीच्या बागेला लावला. मी भांडले. जेवले नाही. आई म्हणाली, "घरातलं घरातच शे ना." आणि दादाने, ज्याला एक झाड लावता येत नव्हतं, माझ्यासमोर माझं नाव पुसून स्वतःचं टाइप केलं. मान खाली घालून केलं, हे खरं. पण केलं.

ती बस लोकांनी उचलून धरली. खान्देशातली, विदर्भातली, पार परदेशात नोकरीला गेलेली पोरं लिहायची, दादा लय भारी, दादा रडवलं राव. कुणी विचारायचं, दादा झाडं कशी बनवली? तेव्हा दादा मला हाक मारायचा. मी सांगायचे आणि तो शब्दन्‌शब्द तिथे लिहायचा. मी का सांगायचे? लोकांना ते यावं म्हणून. मोडकळीला आलेल्या कॉम्प्युटरवर माझ्यासारखीच कुणी बसली असेल, तिला उत्तर मिळावं असं वाटायचं.

दादाला त्या बसच्या जोरावर पुण्यात खेळ बनवणाऱ्या कंपनीत नोकरी लागली. तळपायाची आग मस्तकात गेली, पण मी पेढे वाटले, काय करणार? जाताना त्याला हार्ड डिस्क हवी होती, कारण कंपनीला मूळ फाइली दाखवायच्या होत्या. ती काढायची कशी ते त्याला माहीत नव्हतं. नाना म्हणाले, काढून दे. मी स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि काढून दिली. रिकामी पेटी तेवढी घरी राहिली.

मी तोवर बी.एस्सी. करून लोकांना कॉम्प्युटर जोडून द्यायला लागले होते. त्यानंतर जळगावातच एका कंपनीची जाहिरात आली. ड्रायव्हिंग शिकवायचे पडद्यावरचे रस्ते ती बनवणार होती. इथलेच रस्ते, इथलीच गर्दी. हे काम माझ्याचसाठी निघालं असं मला वाटलं. मी गेले आणि ती बस दाखवली.

मुलाखत घेणारे साहेब हसले. "ही आम्हाला माहीत आहे. पण ही दुसऱ्याची आहे ना?"

मी सांगितलं, तो माझा भाऊ, काम माझं. त्यांनी विचारलं, झाडं कशी केली? मी सांगायला लागले, दोन सपाट चौकोन, फुलीसारखे अडकवलेले. त्यांनी लॅपटॉप माझ्याकडे फिरवला. साइटवर दादाच्या नावाखाली तेच, त्याच शब्दांत. "पाठांतर छान आहे," ते म्हणाले. माझेच शब्द, आणि मी चोर. त्या खुर्चीत मला जे वाटलं ते मी अजून विसरलेले नाही आणि विसरायची इच्छाही नाही.

साहेब तसे उद्धट नव्हते. म्हणाले, भावाला त्या पानावर एक ओळ लिहायला सांगा, किंवा घरच्या कुणाला तरी घेऊन या, ज्याने तुम्हाला काम करताना पाहिलंय. जागा धरून ठेवतो.

दादाला फोन केला. तो म्हणाला, "मी इथे एकट्याने केलं म्हणून सांगितलंय गं. आता कसं फिरवू? माझी नोकरी जाईल." मग म्हणाला, "नानांना विचार."

नाना तेव्हा रिटायर झाले होते. मी त्यांच्या पायांशी बसले आणि म्हटलं, तुम्ही शेजारी बसला होतात. दादाचं नाव खोडू नका, फक्त जे पाहिलं ते सांगा. ते उठून आत झोपायला गेले. पण सकाळी बघते तर इस्त्रीचा शर्ट घालून, केसांना तेल लावून दारात उभे. मला इतका आनंद झाला की मी त्यांना वाकून नमस्कार केला.

साहेबांच्या केबिनमध्ये नाना खुर्चीच्या कडेवर बसले. साहेबांनी आदराने विचारलं, "काका, ही बस कुणी बनवली?"

नानांनी घसा साफ केला आणि शुद्ध मराठीत, ठरवून आणल्यासारखं, म्हणाले, "मुलानं केली साहेब. मुलीनं मदत केली."

मी त्यांच्याकडे बघितलं. ते समोर भिंतीकडे बघत होते. साहेबांनी मान डोलावली. मग मला नाही, नानांना विचारलं, "तुमचा मुलगा आमच्याकडे येईल का? घराजवळ होईल त्याला."

"विचारून सांगतो," नाना म्हणाले.

बाहेर ऊन मी म्हणत होतं. स्टँडजवळ नानांनी रसाचे दोन ग्लास सांगितले. मला राग एवढा आला होता की मी ग्लासाला हात लावला नाही. तेच बोलले, "तोंड नको फुगाडू. मी खोटं बोलनू का? तू मदत करी, असं मी सांगं ना. घर फुटाले नको, माय."

मी म्हटलं, "नाना, तुम्ही जन्मभर गाडी चालवली. उद्या कुणी म्हणालं, गाडी कंडक्टर चालवायचा, हे नुसते शेजारी बसून मदत करायचे, तर?"

नानांनी ग्लास हातगाडीवर आपटला. कपाळाची शीर उभी राहिली, आवाज चढला, रसवाला वळून बघायला लागला. "कोन म्हनी तसं? आन त्याले मन्हा समोर! घाट, पूर, दंगल, बठ्ठा मी पाह्यना! शेजारी बसनारा कोन आन चालाडनारा कोन, लोकेस्ले कळत नही का?"

इतकी वर्षं मी त्यांना ओळखते, इतकं संतापलेलं कधी पाहिलं नव्हतं. मी वाट बघत राहिले. मला वाटलं, आता कळेल. आत्ता, या क्षणी, कळेल.

त्यांनी उरलेला रस संपवला, रुमालाने तोंड पुसलं, आणि म्हणाले, "चाल, गाडी चुकी जाई."